शेजारच्या खाटेचा घास

विद्यानगर, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२५

राणीताई,

फोन ब्लॉक, व्हॉट्सॲप ब्लॉक, गौतमदाजींच्या फोनवरूनही मी ब्लॉक. म्हणून शेवटी हा कागद. उद्या आबिड्सच्या मोठ्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं टाकीन. सही घेतल्याशिवाय पोस्टमन पत्र देणार नाही, म्हणजे ‘मिळालंच नाही’ म्हणायला तुला जागा नको.

माझं मराठी तुझ्यासारखं नाही. तुला मराठी शाळेत घातलं आणि माझ्या वेळेला बाबांना इंग्लिश मीडियमचं वेड लागलं. तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ तू नांदेडला बसून सुधारून घे. शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासतेसच, त्यात ही एक.

तर बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. मलकपेठला, मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू तपासते तिथेच. ऑपरेशन चांगलं झालं. रक्त जरा जास्त गेलं म्हणून आधी आयसीयूत होते, आता मधल्या वॉर्डात आहेत. मधला वॉर्ड म्हणजे आयसीयूतून सुटलेले, पण खोलीत जाण्याइतके बरे न झालेले लोक. बाया-पुरुष सगळे एकत्र, मधे नुसता पडदा. बाबांना लघवीची नळी लावली आहे आणि त्या नळीवरून ते साऱ्या जगाशी भांडतात. आपली पिशवी परक्या माणसानं रिकामी करायची हे हिम्मतरावांना मुळीच मंजूर नाही. मग ते काम आईनं अंगावर घेतलं आहे.

तिथे नातेवाइकांना फक्त संध्याकाळी सोडतात. पण आई म्हणजे ‘लॅबवाल्या मॅडमची अम्मा’, त्यामुळे ती सकाळपासून ठाण मांडून बसते. मीच सिस्टरना तसं सांगून ठेवलं. नोकरीचा एवढा तरी उपयोग.

तू म्हणशील, हे मला कशाला कळवतेस. बाबांनी दाजींच्या जातीवरून तुला घराबाहेर काढलं तेव्हा तुझा खरा राग बाबांवर नव्हता, आईवर होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. बाबा बोलले ते बोलले, ती ओट्यापाशी उभी राहून गप्प का बसली, एवढंच तू विचारत होतीस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण काल डबा धुता धुता ती म्हणाली, “राणीला कळवलीस का गं?” मी हो म्हणून मोकळी झाले. आता ते खरं करण्यासाठी लिहिते आहे.

आणि तुला मुलगी झाल्याचं आम्हाला देगलूरच्या मावशीकडून कळावं, हे काही बरं दिसलं नाही. नाव तरी कळव.

प्रणिता


विद्यानगर
१७ ऑगस्ट

ताई,

पत्र पोचल्याचा पोस्टाचा मेसेज आला. तू सही केलीस. उत्तर नाही, पण सही आहे, मी तेवढ्यावर खूश आहे.

बाबांना ताप आला होता. त्यांच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. त्यांची प्लेट मीच पाहिली. आम्ही जंतूंच्या थरावर औषधाच्या टिकल्या ठेवतो, औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू मरून जागा स्वच्छ दिसते. बाबांच्या प्लेटवर जवळजवळ सगळ्या टिकल्या जंतूंच्या गर्दीत बुडालेल्या होत्या. हा घरून आणलेला जंतू नव्हे. हॉस्पिटलातच असतो, नळीवाटे शिरतो. मी रोज असल्या प्लेटा पाहते, रोज रिपोर्टवर सही करते, चहा पिते. त्या दिवशी चहा घेतला नाही.

पण ताप आता उतरतो आहे. त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, आत जाताना गाऊन आणि हातमोजे घालायचे. बाबांना वाटतं खोली आपल्या रुबाबाला साजेशी म्हणून मिळाली. कुणी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

आई मात्र मधला वॉर्ड सोडून निघायला तयार नव्हती. कारण शेजारची खाट. पडद्यापलीकडे नसरीन नावाची मुलगी आहे, सैदाबादची. आतडं फुटलं म्हणून ऑपरेशन झालं. नवरा सौदीत दम्मामला, घरी दोन लहान मुलं, ती सांभाळायला एकटी सासू. त्यामुळे सासू येणार ती संध्याकाळीच. दुपारी ताट येई आणि तसंच परत जाई, कारण हाताला सलाईन आणि अंगात त्राण नाही. आता तुला आपली आई माहीत आहे. शेजारचं माणूस उपाशी असताना ती आपल्या माणसाला घास देऊ शकते का? बाबांना भरवून झालं की डबा घेऊन पडद्यापलीकडे. “दही-चावल लाई बेटा, चार निवाले खाले.” ती पोरगी आईच्या हातचा दहीभात मिटक्या मारत खायची. डॉक्टरांनीही मऊ भात चालेल म्हणून सांगितलं होतं. खाऊन झालं की आई तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. एकदा सासूनं ते पाहिलं आणि म्हणाली, “हमारे में भी ऐसाच बलाएँ लेते, अम्मा.” दोघी मैत्रिणी झाल्या.

बाबांचा रिपोर्ट आल्यावर मी आईला तिकडे जाऊ नको म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं, पण जेवली नाही.

तुझी मुलगी रांगते का? मावशीला काही नीट सांगता येत नाही.

प्रणिता


विद्यानगर
२ सप्टेंबर

ताई,

बाबा घरी आले. बरे आहेत, म्हणजे भांडतात. रिमोट सापडत नाही यावरून सकाळी एक फेरी झाली.

नसरीन मात्र बरी नाही. टाके आतून सुटले, परत पोट उघडावं लागलं, आणि आता तिच्या रक्तात जंतू आले आहेत. तो क्लेबसिएला नाही. ई. कोलाय आहे, सगळ्यांच्या आतड्यात असतो तोच साधा जंतू, ज्यावर एरवी चांगली औषधं असतात. हिच्या ई. कोलायवर कुठलंच चालेना. आणि कुठली औषधं चालत नाहीत त्याचा नमुना अगदी बाबांच्या जंतूसारखा.

वर्गात शिकवल्यासारखं लिहिते, रागावू नकोस, तुझाच धंदा. जंतूच्या आत त्याच्या मुख्य डीएनएखेरीज एक छोटं गोल कडं असतं, त्याला प्लास्मिड म्हणतात. औषधाचा मारा कसा परतवायचा, त्याची जनुकं त्या कड्यावर बसलेली असतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटून त्या कड्याची नक्कल त्याला देऊ शकतो. दुसरा त्याच्या जातीचा असायलाच हवा असंही नाही. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही, आणि तिच्या घरी पातेलंभर दही लागतं. तसंच हे. बाबांच्या जंतूनं ते कडं नसरीनच्या पोटातल्या जंतूला दिलं असावं. खात्री करायला दोन्ही नमुने मी माझ्या मैत्रिणीकडे, गौरीकडे पाठवले आहेत. ती उप्पलच्या बाजूला एका संशोधन संस्थेत आहे, डीएनए अक्षर न् अक्षर वाचून देते.

एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते गेलं कसं, हे सांगता येत नाही. हॉस्पिटलात हजार हात असतात.

आई रोज विचारते, “ती पोरगी जेवायली का?” मी म्हणते, हो.

प्रणिता

परत उघडून लिहिते. वर ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं आहे ते खरं नाही. मला सांगायचं नाही.


विद्यानगर
१९ सप्टेंबर

ताई,

नसरीन गेली.

शेवटी कोलिस्टिन दिलं, जुनं औषध, किडनीला त्रास देणारं, दुसरं काही उरलं नाही की काढतात ते. किडनी आधी थांबल्या. नवरा दम्मामहून पोचला तेव्हा तिला घरी नेलेलं होतं. आई माती द्यायच्या आधी जाऊन आली. सासूच्या गळ्यात पडून रडली आणि परत येऊन मला म्हणाली, “लई लवकर उठले मी तिच्यापासून. अजून आठ दिवस भरवले असते तर ताकद आली असती पोरीला.”

ताई, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. कारण त्याच सकाळी गौरीचा रिपोर्ट आला होता. दोन वेगळे जंतू, पण आतलं कडं एकच. एका अक्षराचा फरक नाही. बाबांच्या पिशवीतून नसरीनच्या पोटात.

आता सांगते, जे गेल्या पत्रात टाळलं. आई बाबांची पिशवी रिकामी करायची, मग मोरीत नुसत्या पाण्याखाली हात धरायची, आणि भरवायला बसायची. साबण नाही. खाटेच्या दांडीला हात निर्जंतुक करायच्या औषधाची बाटली लटकवलेली असते, ती तिनं एकदाही दाबली नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी रोज दुपारी दोन मिनिटं डोकावून जात होते, मला ते दिसत होतं, आणि मला वाटत होतं, आई आहे, घरचीच आहे. घरच्या माणसाचा हात मला कधी हात वाटलाच नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तोंड शिवून बसले असते. बाबा बरे झाले, पोरगी गेली, आईला कळून ती काय परत येणार आहे? पण मॅनेजमेंटला आता माणूस हवा आहे. इन्फेक्शन कंट्रोलची मीटिंग झाली. आमचे लॅबचे प्रमुख उदय सर पुण्याचे, चांगला माणूस, पण निवृत्तीला टेकलेला, वाद नको म्हणणारा. मधल्या वॉर्डात दुपारी एकच आया असते, यादम्मा. दोन्ही खाटा तिच्याकडे. पिशवी रिकामी करणं तिचं काम, भरवणंही तिचंच. तेव्हा दोष यादम्माचा. कंत्राटी बाई आहे, नोटीसही द्यावी लागत नाही. चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणून तिला सांगितलं. सर्वांच्या हातांचे नमुने घेतले, तिचा स्वच्छ आला. तर म्हणाले, आता स्वच्छ असेल, तेव्हा नसेल. आईचा नमुना कुणी मागितलाच नाही. ती स्टाफ नाही ना.

यादम्मा मला जिन्यात भेटली. तिला सगळं माहीत आहे, रोज समोर बसून पाहत होती. मी विचारलं, बोलली का नाहीस मीटिंगमध्ये. म्हणाली, “मैं कैसा बोलूँ मॅडम? मेरा काम अम्मा करते थे. मैं उधर बैठके चाय पीती थी. गलती तो मेरीच है न.” तिची मुलगी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरात कमावणारी ती एकटी.

मी मीटिंगमध्ये गप्प बसले, ताई. पुढच्या आठवड्यात परत मीटिंग आहे, त्यात तिला काढल्याचं पक्कं होईल. मी खरं सांगितलं तर यादम्मा वाचेल आणि आईला कळेल. नाही सांगितलं तर आई वाचेल. आई आधीच अर्धं जेवते. तिला हे कळलं की आपल्या घासानं ती पोरगी गेली, तर ती उरलेलं अर्धंही सोडेल.

एका ओळीचं उत्तर दे. सांगू का? हो किंवा नाही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

प्रणी


विद्यानगर
२८ सप्टेंबर

ताई,

सही केलीस, उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. राग आला होता, आता नाही.

मी सांगितलं. आधी उदय सरांना. ते चष्मा पुसत म्हणाले, “प्रणिता, अहवालात ‘रुग्णाच्या संपर्कातील व्यक्ती’ एवढंच लिहिता येईल. नाव कशाला?” मी म्हणाले, सर, नाव नसलं की ते यादम्माचंच होतं. मग मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. माझी आई, जयवंता. वेळ नसताना तिला आत बसवलं कुणी, तर मी. मला वाटलं होतं मला काढतील. ताई, ते सुटल्यासारखे हसले. नातेवाइकाच्या हातून झालं म्हणजे हॉस्पिटलची चूक नाही. मॅनेजरनं मला पाणी दिलं. यादम्माला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, मला एक ताकीदपत्र मिळालं, आणि नसरीनच्या घरी कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. एवढ्यासाठी मी आठवडाभर झोपले नव्हते.

पण आता आईचा नमुना घ्यायला नर्स घरी येणार होती. तेव्हा सांगणं भाग होतं.

सकाळी बाबा फिरायला गेले होते. आई मेथी निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, विरजणाचं उदाहरण देऊन. तिला तुझ्यापेक्षा लवकर समजलं असेल. तिचे हात थांबले. मी विचारलं, आई, तिथे एवढी बाटली लटकवलेली होती, तू ती का नाही वापरलीस?

ती म्हणाली, “त्यात दारू असती म्हनले सिस्टर.”

मला कळेना. मग तिनं नीट सांगितलं. पहिल्याच दिवशी तिनं त्या बाटलीचा वास घेतला, सिस्टरला विचारलं, सिस्टर म्हणाली, हौ अम्मा, अल्कोहोल रहता. “आता ती मुसलमानाची पोरगी. तिच्यात दारू हराम. मी दारूचा हात तिच्या तोंडात कसा घालू? आजारी पोरीचा धरम बुडवू? आन् साबनाचा वास भाताला लागतो, आधीच तिला मळमळायलं. म्हनून चांगलं पान्यानं दोनदा धुवायले मी.” आणि मग, अगदी हळू, “मी जपायले होते गं तिला.”

ताई, मी दहा वर्षं जंतू पाहते आहे. कुठली चूक माणसं का करतात याचे तक्ते करून आम्ही भिंतीवर लावतो. आळस, घाई, अज्ञान. हे कारण कुठल्याच तक्त्यात नाही. आईनं नसरीनचा मान राखला, आणि त्या मानानंच तिचा घात झाला. मला आईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं कोसळेल. तिनं विचारलं, “यादम्मा आली का कामावर?” मी म्हणाले, आली. “आन् सैदाबादेत कोन सांगितलं?” मी म्हणाले, कुणीच नाही, सांगायचं नाही असं हॉस्पिटलनं ठरवलं आहे.

“तुमचं हॉस्पिटल तुमच्यापाशी,” ती म्हणाली आणि परत मेथी निवडायला लागली.

प्रणी


विद्यानगर
१६ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र पूर्ण वाच. आधीची फेकली असलीस तरी हे वाच.

आईच्या शौचाच्या नमुन्यात बाबांचा तोच जंतू निघाला. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, असे धडधाकट लोक महिनोन्‌महिने तो पोटात घेऊन हिंडतात, हळूहळू जातो. साबणानं हात धुतले की घरच्यांना काही होत नाही. हे मी तिला पन्नास वेळा सांगितलं. ती स्वयंपाक करेनाशी झाली आहे. कणीक मी मळते. बाबांना माझ्या पोळ्या आवडत नाहीत, पण या वेळी ते काही बोललेले नाहीत.

परवा ती सैदाबादला जायचं म्हणून लुगडं बदलून उभी राहिली. मी खूप अडवलं. कोर्टकचेरी होईल म्हणाले, माझी नोकरी जाईल म्हणाले. शेवटी म्हणाले, तू सांगून त्यांचं दुःख वाढेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू ये. मला ते इंग्रजी नाव घेता येत नाही, तेवढं तू सांग. बाकीचं मी सांगते.”

गेलो. नसरीनची सासू खाटेवर बसली होती, धाकटं मूल मांडीवर. आईला पाहून उठायला लागली, आईनं हातानंच बसा म्हटलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सासूनं आत या म्हटलं तरी गेली नाही. तिथूनच बोलली. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, एकदाही न थांबता. माझ्या मालकाच्या पिशवीला हात लावला, त्याच हातानं तुमच्या पोरीला भरवलं, साबण लावला नाही, त्यातून तिच्या पोटात गेलं आणि ती गेली. मुद्दाम केलं नाही, पण माझ्या हातानं झालं. यादम्माचं काही नाही त्यात. मी मधे एकदा जंतूचं नाव सांगितलं, ते कुणी ऐकलंसुद्धा नाही.

सासूनं एकच गोष्ट विचारली. “वो बोतल था न अम्मा उधर, हाथाँ को लगाने का? वो कैकू नै लगाए?”

आईनं सांगितलं. त्यात दारू असते म्हणून. तुमच्यात चालत नाही म्हणून.

ती बाई आईकडे बघतच राहिली. मग हसल्यासारखा चेहरा झाला तिचा, पण ते हसू नव्हतं. म्हणाली, “हम सब लगाते अम्मा. कोविड में बोतलाँ की बोतलाँ खतम किए. दवा को कौन हराम बोलता? पूछ लेते एक बार.”

पूछ लेते एक बार. ताई, आई तिच्या शेजारी बसून रोज बोलत होती. गालावरून हात फिरवत होती. एवढं विचारायचं राहून गेलं.

आतून नसरीनचा नवरा आला, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पोराला उचलून आत गेला. मग ती सासू म्हणाली, “अच्छा हुआ, आप बोल दिए. दूसरे कोई नै बोलते. पर अब मत आओ, अम्मा.” आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

आम्ही ऑटोनं परत निघालो. मला वाटलं, आता घरी जाऊन झोपेल आणि उठायची नाही. पण मलकपेठला रेसकोर्सच्या भिंतीपाशी आलो तेव्हा आई म्हणाली, “राणीला पन मी काही विचारले नाही.” मी म्हणाले, काय? “तिला काय वाटायलं ते. तुझा बाप बोलला, मला वाटलं मधी पडलं तर आग वाढंल. घर जपायचं म्हनून गप बसले. तिला विचारलेच नाही.”

घरी आल्यावर बाबा टीव्ही पाहत होते. आईनं स्वतः उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, मी राणीकडे चालले आहे, तुम्ही येत असाल तर या. बाबा जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. ते येणार नाहीत. तुला खोटी आशा लावत नाही.

मी तिकिटं काढली आहेत. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी नांदेडला पोचू, हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडेल. आई घरात येणार नाही असं म्हणते. मुलीला हात लावणार नाही, दारातूनच बोलेल. मी सांगितलं, साबणानं हात धुवून घे, खुशाल उचल, काही होत नाही. माझ्या विज्ञानावर तिचा आता विश्वास नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं आग्रह करू? तिनं डबाही करायचा नाही ठरवलं आहे. रिकाम्या हातानं येते आहे, जन्मात पहिल्यांदा.

ती काय बोलणार ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, ते तुझं आहे. तू तिला माफ कर असं मी म्हणणार नाही. फक्त दार उघड आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उघडं ठेव. मग ‘आता येऊ नका’ म्हणालीस तरी चालेल. ते ऐकून चालत परत यायला तिला येतं.

प्रणी